मुठीचं मडकं

"आता टरफलंबी जपून ठेवाची. उद्या म्हनन, वाफबी डब्यात भर."

नीतू हे स्वतःशीच पुटपुटली होती. पण चूल आणि मागच्या परसाचं, सांदवाडीचं, दार यांच्यात अंतर तीन हातांचं, आणि तिच्या सासूचे कान अजून शाबूत.

"वाफ भरता आली असती तं तू याच्या पहिलेच भरून ठेवली असती," बायाबाई दारातून म्हणाली. "अन् पातर पसर. ढीग लावशील तं बुरशी धरन."

नीतूला सातवा लागला होता. वाकणं होत नव्हतं, म्हणून ती गुडघ्यांवर बसून सरकत सरकत टरफलं पसरत होती. उकडलेल्या शिंगाड्याची काळी टरफलं, एकेकाला दोन दोन काटे. वाळली की चुलीत छान पेटतात, हा शोध बायाबाईचा. त्यांचा धूर डोळ्यांत मिरचीसारखा झोंबतो, त्यावर मात्र तिनं अजून काही शोधलेलं नव्हतं.

तलावाच्या पाळीखाली आमच्या मासेमार ढिवरांची वीसेक घरं, आणि त्या वीस घरांत बायाबाईच्या युक्त्यांचं मोठं नाव. साबणाची उरलेली चपटी चीप नव्या साबणाला ओली करून चिकटवायची. फाटक्या जाळ्याचा तुकडा भांडी घासायला, त्याहून फाटका असेल तर अंग घासायला. मासे धुतलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला. पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी द्यायचं आणि चहा मागून. पाणी प्यालेला माणूस अर्ध्या कपात उठतो. ही शेवटची युक्ती ती पाहुण्यांच्या तोंडावर सांगायची, आणि पाहुणे हसत हसत अर्धा कप पिऊन खरंच उठायचे.

पण सगळ्यात जुनी युक्ती मुठीची. स्वयंपाकाला तांदूळ मोजून घ्यायचे आणि गंजात टाकायच्या आधी त्यातली एक मूठ परत काढून मडक्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मडकं बायाबाईच्या सासूचं. सासू मेली तेव्हा तिची नथ धाकट्या जावेकडे गेली, आणि मडकं पितळेच्या झाकणीसकट बायाबाईकडे आलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. कोरोनाच्या वर्षी अड्याळचा बाजार बंद पडला, मासोळी विकायची सोय राहिली नाही, तेव्हा नथवालीच्या घरून पोरं वाटी घेऊन हिच्याच दारात आली होती. मडक्यानं दोन्ही घरं महिनाभर जगवली. त्या दिवसापासून बायाबाई मडक्याला सकाळी हात जोडायची. देवाला दुपारी, सवड झाली तर.

यंदा शिंगाड्यावर किडा आला. श्रावणात वेल लावले तेव्हा पानं हाताएवढी होती. दसऱ्याला बघावं तर पानांच्या चाळण्या झालेल्या. तपकिरी रंगाचा, ज्वारीच्या दाण्याएवढा किडा. तुलाराम, बायाबाईचा नवरा, आणि मुन्ना, तिचा मुलगा, दोघं ट्रकच्या ट्यूबवर बसून दिवसभर पाण्यात फिरायचे आणि पानं उलटून उलटून किडे चिरडायचे. संध्याकाळी दोघांच्या बोटांना तपकिरी वास यायचा, भाताच्या घासालासुद्धा. दिवाळी झाली, गावोगाव मंडईच्या जत्रांचे दिवस आले, आणि शिंगाडा निघाला तो दरवर्षीच्या निम्मा. त्यातही पोकळ फार.

त्यात नीतूचं नाव घरच्या रेशनकार्डावर नव्हतं. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. साकोलीकडच्या तिच्या बापानं आपल्या कार्डातून नाव कापून कागद हातात दिला होता. इथं चढवायचं काम मुन्नाचं. तो कागद देवाच्या फोटोमागं खोचलेला होता. दर रविवारी मुन्ना म्हणायचा, सोमवारी जातो. म्हणजे तांदूळ यायचा तिघांचा आणि खायचे चौघं.

तेव्हा बायाबाईनं एका मुठीच्या दोन केल्या.

चंद्रकला, गावची आशाताई, कार्तिकातल्या एका सकाळी वजनकाटा घेऊन आली. नीतूला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला, वहीत मागचं पान काढून पुन्हा वाचला.

"काटा सरकला असन," बायाबाई म्हणाली.

"काटा बरोबर हाये, काकी. गोळ्या आना बरं तिच्या. लाल गोळ्या."

बायाबाईनं कोनाड्यातून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, एकावर एक, रबर लावून ठेवलेल्या. चंद्रकलानं त्या मांडीवर घेतल्या आणि मोजायच्या आधीच तिचा चेहरा उतरला.

"ह्या तं उरल्या, काकी. ह्या उरल्या नाही पाहिजे होत्या."

"पुरवून पुरवून देऊन राहिली ना बाई. एका दिवसाआड. बारतपनापर्यंत पुराले नाही पाहिजे का?"

"अवो, फुकट भेटते त्या! सरल्या का मी आनखीन आनून देतो."

"फुकट भेटते म्हनून का उधराच्या?"

चंद्रकलानं कपाळाला हात लावला. नीतूला हसू आलं आणि तिनं पदर तोंडावर घेतला. हसण्यासारखंच होतं ते. पण चंद्रकला हसली नाही.

"परवाच्या तपासनीत रक्त सात पॉइंट दोन निघालं हिचं. मागच्या महिन्यात आठ होतं. काय खाते हे?"

"सगरं खाते," बायाबाई म्हणाली.

"आमच्या घरी मासोळीचा का तोटा?" उंबऱ्यावर जाळं विणत बसलेला तुलाराम म्हणाला.

"मस्त खाते," मोबाइलमधून मान न काढता मुन्ना म्हणाला.

"मी हिले विचारून राहिली."

नीतूनं तिघांकडे एकदा बघितलं. "खातो ना जी," ती म्हणाली.

चंद्रकलानं वही मिटली. "पुढच्या तपासनीत सातच्या खाली गेलं तं भंडाऱ्याले भरती कराव लागन. रक्त चढवाव लागन. तेवढ्यावर भागलं तं ठीक. नाही तं लेकरू महिने भराच्या पहिलेच..." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "काकी, तुमची पहिली पोरगीबी सातव्यातच..."

"तिले बाहेरची हवा लागली होती," बायाबाई लगेच म्हणाली.

"हवाच होती," तुलाराम म्हणाला. त्याची सुई जाळ्यात अडकली होती. "दिवे लागनीच्या वक्ताले पारीवरून आली होती हे. माह्या मायनं तेव्हाच सांगतलं होतं, हवा लागली म्हनून."

हे वाक्य या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की त्याला आता कोणी कान देत नसे. मुन्नानंसुद्धा ते पाळण्यात ऐकलेलं. तो त्या पोरीनंतर तीन वर्षांनी झाला.

त्या दिवसापासून बायाबाई रोज गोळी द्यायला लागली. सकाळी पाण्याचा पेला हातात देऊन नीतू गिळेपर्यंत समोर उभी राहायची. "पुरी गिळ. अर्धी थुकशील तं वाया जाईन." कोणी चुकूनसुद्धा म्हणू नये की ती सुनेची काळजी घेत नव्हती. नीतूचे पाय सुजले तेव्हा तिनंच मोहरीचं तेल कोमट करून चोळलं होतं, आणि हाताला उरलेलं तेल दाराच्या बिजागरीला लावलं होतं.

संध्याकाळी बाप-लेक तलावावरून यायचे ते थरथरत. कमरेच्या खाली कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, बोटांत काटे. नीतू चुलीजवळच्या उजेडात मुन्नाचा हात धरून सुईनं काटे काढायची. एक काटा निघाला की तो "आस्ते ना वो" म्हणायचा. मग दोघांची ताटं मांडली जायची. लाखोरीचं वरण, भात, कधी झिंग्याची चटणी. मासोळी चांगली सापडली तर ती बाजारात जायची, घरी डोकी यायची.

"मुन्नाले वाढ," बायाबाई म्हणायची. "पान्यातून आला."

तुलाराम म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश जेवायचा आणि दोनदा भात घ्यायचा. मुन्ना तीनदा. पाण्यात उभं राहिलेल्या माणसाची भूक काही खोटी नसते. दोघं उठले की बायाबाई वाढून घ्यायची, थोडंच. मग नीतू गंज पुढ्यात ओढायची. बुडाला लागलेला भात उलथण्यानं खरवडायचा आवाज यायचा, खर्र, खर्र, आणि अंगणात विडी पेटवणाऱ्या तुलारामला तो रोज ऐकू यायचा.

"पेज आहे वाटीत, ते पी," बायाबाई सांगायची. "पेजेत ताकत रायते."

पेज होती खरी. पातळ, कोमट, वर मिठाचे चार खडे. नीतू ती पिऊन वर दोन पेले पाणी प्यायची आणि पोटातलं लेकरू पाण्याच्या आवाजानं हलायचं.

एकदा मुन्ना टॉवेल घ्यायला परत आत आला. नीतू गंजात हात घालून बसली होती.

"जेवली?"

"हो."

तो टॉवेल झटकत राहिला.

"कार्डावर नाव कधी चढवता?" तिनं विचारलं.

"सोमवारी जातो ना."

"मागच्या सोमवारी गेले होते का?"

"मागच्या सोमवारी किडे मारत होतो तुह्यासाठीच," तो म्हणाला आणि गेला. रागानं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात बचत गटाची मॅडम आली. गटांचा मेळावा होता, अड्याळला. विषय काटकसर. प्रत्येक गावाच्या गटातून एक बाई येऊन घरातल्या युक्त्या सांगणार, आणि पहिल्या नंबराला पाच लिटरचा प्रेशर कुकर.

गटातल्या बायांनी दुसऱ्या नावाचा विचारच केला नाही. "बायाबाईले धाडा," त्या म्हणाल्या. "ते तं सावलीबी घडी करून ठेवते."

बायाबाई लाजली. मग दोन दिवस ती भांडी घासताना युक्त्या पाठ करत होती. कुकरबद्दल तिनं कोणाजवळ काही काढलं नाही, पण चुलीशेजारची जागा तिनं सारवून घेतली.

"मडकं न्याव लागन," ती म्हणाली. "दाखवाले."

मडकं गळ्यापर्यंत भरलेलं. तिनं तांदूळ सुपात ओतले, किडे-सोंडे पाखडून काढले, कडुनिंबाचा नवा पाला घालून परत भरले. नीतू समोर बसून बघत होती. सुपात इतका तांदूळ एकदम तिनं या घरात पहिल्यांदाच पाहिला. तिनं चार दाणे उचलून तोंडात टाकले, कच्चेच.

"कच्चे नको खाऊ. पोट दुखन."

"बरं."

"तू चाल माह्यासोबत. मडकं मांडीवर धरून बसजो आटोत. मले माइकमधी बोलाचं हाये, माहे हात कापतेत."

मेळाव्याच्या दिवशी बाजारही होता. तुलाराम आणि मुन्ना उकडलेल्या शिंगाड्यांची दोन टोपली घेऊन सकाळीच गेले होते. दुपारी टोपली रिकामी झाली तेव्हा दोघं सभागृहाच्या दारात येऊन उभे राहिले. आत जायला त्यांना लाज वाटली, दीडशे बाया होत्या. चंद्रकला पहिल्या रांगेत बसली होती, नीतू दुसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून.

पहिल्या दोन बाया पाठ केलेलं बोलल्या आणि मध्येच विसरल्या. मग बायाबाई चढली. माइक तिच्या तोंडापेक्षा वीतभर उंच होता. मॅडमनं तो खाली केला. बायाबाईनं साबणाच्या चिपेपासून सुरुवात केली. जाळ्याच्या तुकड्याला बाया हसल्या. पाहुण्याच्या अर्ध्या कपाला तर इतक्या हसल्या, की मागून कोणीतरी ओरडली, "तुह्या घरी मी येतच नाही वो बाई!" आणि बायाबाई माइकमधूनच म्हणाली, "नको येऊ. तेवढीच साखर वाचली." टाळ्या पडल्या. दारात उभा असलेला तुलाराम शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "आमची होय."

मग तिनं मडकं दाखवलं. मूठ कशी काढायची, कधी काढायची, कोरोनाच्या वर्षी काय झालं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, तिनं चष्मा काढून पुसला.

"किती छान, काकू," मॅडम म्हणाली. "पण आमच्या बायांना प्रश्न पडेल की दोन मुठी काढल्या तर उरलेल्यात सगळ्यांचं भागतं कसं? तुम्ही करूनच दाखवा ना. घरात किती माणसं?"

"चार."

जेवणाची व्यवस्था मागं होतीच. तिथून स्टीलची चार ताटं आली, एक वाटी आली. टेबलावर ती ओळीनं मांडली गेली. बायाबाईला हायसं वाटलं. बोलण्यापेक्षा हातानं करून दाखवणं तिला कधीही सोपं. मडक्यातच ठेवून आणलेलं शेराचं माप तिनं भरून घेतलं. त्यातून एक मूठ मडक्यात परत टाकली. दुसरी मूठ टाकली.

"आता वाढाचं," ती म्हणाली. "हे समजा भात होय."

पहिल्या ताटात तिनं वाटी भरून ओतली आणि वर आणखी अर्धी. दुसऱ्या ताटात वाटी शिगोशीग, मग पुन्हा एक, आणि जरा थांबून, "हा पान्यातून येते," म्हणत वर चिमूटभर. तिसऱ्या ताटात अर्धी वाटी. तिचा हात थांबत नव्हता, बघतही नव्हता. तीस वर्षांची सवय होती ती. चौथ्या ताटावर तिनं माप उलटं केलं. थोडे दाणे पडले. तिनं मापाच्या बुडावर दोनदा थाप मारली, बोट आत घालून कडेचे दाणे खरवडले, तेही ताटात झटकले.

"झालं," ती म्हणाली. "चारही ताटं."

बाया हसल्या. "अवो, चौथा का उपास धरते?" मघाचीच बाई मागून ओरडली.

हसू पुढच्या रांगेत आधी थांबलं, मग मागं मागं थांबत गेलं. कारण ताटं स्टीलची होती, चकचकीत, आणि चौथ्या ताटाचं बूड मागच्या रांगेतूनसुद्धा दिसत होतं.

"म्हणजे... साधारण अंदाज..." मॅडम म्हणाली. "घरात लहान मूल असेल ना कोणी. चौथं ताट लहान मुलाचं."

चंद्रकलानं मागं वळून नीतूकडे बघितलं. नीतू आपल्या पायाच्या नखांकडे बघत होती. दारात मुन्नानं रिकाम्या टोपल्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. तुलारामनं तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत राहिला, जणू बस यायची होती.

बायाबाई ताटांकडे बघत होती. आपण काय केलं ते तिला आत्ता दिसलं असावं, वरून, उजेडात, चार ताटं एका ओळीत. घरात ती कधी एका ओळीत नसत. तिनं घाईघाईनं तिसऱ्या ताटातले दाणे गोळा करून चौथ्यात टाकले. मग दुसऱ्या ताटाकडे हात नेला, आणि तो हात तिथंच, ताटाच्या काठावर राहिला. मूठ उघडी.

"काकू, बसा आता," मॅडम हळूच म्हणाली. "खूप छान सांगितलंत. टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"थांबा जी," बायाबाई म्हणाली. माइक चालूच होता. "चौथं ताट लहान लेकराचं नोहे. माह्या सुनेचं होय. ते अठी बसली हाये, सातवा महिना हाये तिले."

नीतूनं मान वर केली.

"तिच्या पहिले ते ताट माह्यं होतं. हेच मडकं, हेच माप. अन् माह्या पोरीले हवा-गिवा काही लागली नव्हती. सगऱ्याईले मालूम होतं. सासूले, ह्याईले, मलेबी. ते पोटातच उपाशी मेली."